अटकेपार, पण कुठला झेंडा?

गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातली गोष्ट. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि तिसऱ्याच वाक्याला त्यांनी आपणा सर्वांचे झेंडे अटकेपार लावले. २००३ साली एम.एस्सी. करायला मी इंग्लंडात आलो, तेव्हापासून हे वाक्य चुकलेलं वर्ष मला आठवत नाही. कार्यकारिणीत असताना आभार मानताना मीसुद्धा ते एकदा वापरलंय, तेव्हा तक्रार करायचा मला हक्क नाही. पण त्या रात्री मोटरवेवर मागच्या सीटवरून आमच्या तेरा वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, तो झेंडा कुठला होता?"

"आपला."

"आपला म्हणजे? इंडियाचा?"

"नाही गं, तो नंतरचा. मराठ्यांचा. भगवा. म्हणजे... किंवा जरीपटका."

"दोन होते? मग कुठला लावला?"

बायको म्हणाली, "आधी एक्झिट बघा." प्रश्न तेवढ्यावर थांबला. मला मात्र लाज वाटली. मी साताऱ्याचा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलो, दहावीला इतिहासात चांगले गुण होते, आणि आपल्या राज्याची निशाणं किती आणि कोणती, एवढं मला धड सांगता येईना. मग हिवाळाभर संध्याकाळी वाचत बसलो. त्यातलं जे सांगण्यासारखं वाटलं ते इथे लिहितोय. मी इतिहासकार नाही, संगणकवाला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात मात्र स्टॉकहोमपासून करावी लागेल. २०१८ साली कामासाठी काही महिने तिथे होतो. जूनमध्ये एका सकाळी बाहेर पडलो तर बसवर, दुकानांवर, घरांच्या बाल्कन्यांत सगळीकडे निळ्यावर पिवळा क्रूस. ६ जून हा त्यांचा राष्ट्रीय दिवस. १५२३ साली त्याच तारखेला गुस्ताव वासाची राजा म्हणून निवड झाली. मी ऑफिसातल्या सहकाऱ्याला म्हटलं, "आमच्या राजाचा राज्याभिषेकसुद्धा ६ जूनचाच, १६७४ चा." त्याला मनापासून आनंद झाला. (तारखांचा धंदा करणाऱ्या माणसाला राहवत नाही म्हणून सांगतो, दोन्ही तारखा जुन्या ज्युलियन पंचांगातल्या आहेत. स्वीडनने ते १७५३ साली सोडलं, ब्रिटनने त्याच्या आदल्या वर्षी. रायगडावर मात्र त्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी होती, आणि तिला कुठलंही पंचांग बदललं तरी फरक पडत नाही.)

दुपारी तो मला राजवाड्याकडे घेऊन गेला. तिथलं निशाण वेगळं होतं. रंग तेच, पण फडकतं टोक कापून तीन जिभा केलेल्या आणि मध्ये राजचिन्ह. मी विचारलं, "हे दुकानात मिळतं का?" तो म्हणाला, जिभांचा झेंडा राजघराण्याचा आणि सैन्याचा, आम्ही साध्या माणसांनी चौकोनी लावायचा. डेन्मार्कमध्येही तोच प्रकार. त्यांच्या राजाच्या आणि सरकारच्या झेंड्याला दोन टोकं, प्रजेच्या झेंड्याला एकही नाही. टोक फाडण्याचा मान सरकारचा!

तिथे उभा असताना मला फलटणचे माझे आजोबा, आईचे वडील, आठवले. वारीला निघताना त्यांच्या खांद्यावर जी पताका असे, तिला दोन टोकं होती. ती त्यांनी कुणाला विचारून घेतली नव्हती.

आता भगव्याकडे वळू. ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात या निशाणाचं वर्णन केलं आहे. गडद नारिंगी रंग, पाकोळीच्या शेपटीसारखं दुभंगलेलं टोक. शिवाजी महाराजांचं आणि त्यांच्या वंशजांचं निशाण असं तो त्याला म्हणतो. हा रंग कुठून आला याबद्दल समर्थांच्या वस्त्राची कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. मी तर सज्जनगड दिसणाऱ्या गावचा, त्यामुळे जरा जास्तच वेळा ऐकलेली आहे. तिच्यावर आज बरेच वाद आहेत, त्यात मी शिरत नाही. मला वेगळंच महत्त्वाचं वाटतं. हा रंग कुणा एकाने दिला असो वा नसो, तो आधीपासून होताच. संन्याशाच्या छाटीवर होता, देवळाच्या शिखरावर होता, वारकऱ्याच्या खांद्यावर होता. गेरू ही काही केशरासारखी महागडी वस्तू नव्हे. शेतकऱ्याच्या घराच्या भिंतीला लावतात तीच ही लाल माती. युरोपातल्या राजांनी आपल्या झेंड्यावर सिंह, गरुड, मुकुट काढले, म्हणजे जे प्रजेकडे नाही ते काढलं. आपल्या राजाच्या झेंड्यावर काहीच काढलेलं नाही, आणि रंग असा की गावातल्या कुठल्याही माणसाला तो घरच्या घरी करता यावा.

याचा अर्थ महाराजांना राजचिन्हांचं महत्त्व कळत नव्हतं असा मुळीच नाही. राज्याभिषेकाला इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. त्याने पाहिलेलं लिहून ठेवलं, हे आपलं भाग्य. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर चिन्हं लावलेली होती. उजवीकडे मोठ्या दातांची सोन्याची माशांची दोन मस्तकं, डावीकडे घोड्यांची शेपटं, आणि एका मौल्यवान भाल्याच्या टोकाला समतोल तराजू. तराजू न्यायाचा, हे ऑक्झिंडेनलाही कळलं. मासा ही मोगली दरबारातली मोठ्या मानाची खूण. एरवी ती बादशहाने द्यायची आणि सरदाराने मुजरा करून घ्यायची. महाराजांनी ती कुणाकडून घेतली नाही, स्वतःच उभी केली. त्या दिवशी बोलायचं ते या भाल्यांनीही बोलून घेतलं होतं.

जरीपटका हे दुसरं प्रकरण. जरीचा पटका, म्हणजे भरजरी कापडाचं निशाण. ग्रँट डफ त्याला साम्राज्याचं निशाण म्हणतो. राजाराम महाराज जिंजीला असताना त्यांनी संताजी घोरपड्यांकडे जरीपटका सोपवला आणि नौबत वाजवण्याचा मानही दिला. राजा दूर किल्ल्यात अडकलेला, तेव्हा त्याचा अधिकार मैदानात दिसायचा कसा? तर या निशाणाने. भगवा सर्वांचा, पण जरीपटका ज्याच्याकडे दिला त्याचाच, आणि तोही राजाच्या नावाने. पुढे पेशव्यांच्या काळात हुजुरातीची फौज जरीपटक्याखाली चाले आणि तो हत्तीवर असे. मोठ्या निशाणाला जुन्या मराठीत 'ढाल' म्हणत आणि ते वाहणाऱ्या हत्तीला 'ढालगज'. आपण एखाद्या बाईला ढालगज भवानी म्हणतो तेव्हा फौजेच्या अग्रभागी झुलत चाललेला हा हत्ती मनात आणावा, म्हणजे शिवी आहे की कौतुक याचा पुन्हा विचार करता येईल.

मग अटकेचं काय? १७५८ च्या एप्रिलमध्ये राघोबादादा लाहोरला पोचले. अटकेपर्यंत मजल मारली ती पुढे गेलेल्या तुकड्यांनी. दादा स्वतः महिन्याभरातच मागे वळले. जरीपटका मुख्य सेनानीबरोबर असायचा हे धरलं, तर सिंधूच्या काठी पोचलेल्या स्वारांच्या भाल्यांवर भगवीच निशाणं असणार, असा माझा तर्क. आणि पाहुण्यांनी कधी न सांगितलेली गोष्ट म्हणजे ती ठाणी फार टिकली नाहीत. १७५९ संपता संपता अब्दाली पुन्हा पंजाबात होता, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर काय झालं ते सांगायला नको. म्हण राहिली, ठाणी गेली. परदेशात राहणाऱ्या मंडळींना उद्देशून हीच म्हण का वापरतात याचा विचार केला की थोडं हसू येतं आणि थोडं येत नाही.

यापुढचा भाग वाचताना मात्र मी बराच काळ अडकून पडलो, कारण तो आमच्या घरामागच्या डोंगरावर घडलेला आहे.

५ नोव्हेंबर १८१७. खडकीच्या लढाईला पेशव्यांची फौज पुण्यातून बाहेर पडत असताना जरीपटक्याची काठी मोडली. अपशकुन म्हणून फौजेत कुजबुज झाली. त्याच दिवशी मोरोपंत दीक्षित धारातीर्थी पडले. मग बाजीराव पुणे सोडून निघाले आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला. तो बाळाजीपंत नातूंनी चढवला, हे आपल्याकडे सर्वतोमुखी आहे. नातूंना आपण दोनशे वर्षं शिव्या देत आलोय, त्यात मी भर घालत नाही.

पण साताऱ्याला जे घडलं ते कुणी सांगत नाही. १० फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात आला. रीतीप्रमाणे त्यांनी आपला झेंडा चढवला. आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतःच उतरवून त्याच्या जागी भगवा लावला! लढून जिंकलेल्या किल्ल्यावर जिंकणाऱ्याने हरलेल्याचं निशाण लावावं, याचं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही. कारण अर्थातच प्रेम नव्हे. एल्फिन्स्टनने हिशेब केला होता. बाजीरावाच्या बाजूने लढणारे सरदार कुणासाठी लढतायत? छत्रपतींच्या नावासाठी. मग ते नाव, ते निशाणच आपण घेतलं तर बाजीरावाकडे काय उरतं? त्याच सुमारास त्याने जाहीरनामा काढला: पेशवाई संपली, पण साताऱ्याच्या महाराजांना राज्य मिळेल.

आणि यातली खरी गंमत अशी की किल्ल्यावर भगवा चढला तेव्हा छत्रपती प्रतापसिंह किल्ल्यावर नव्हतेच. ते बाजीरावाच्या छावणीबरोबर फिरत होते, फिरवले जात होते. २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले तेव्हा कुठे ते इंग्रजांच्या हाती आले. म्हणजे जवळजवळ दहा दिवस राजा एका फौजेकडे आणि त्याचं निशाण दुसऱ्या फौजेकडे! झेंडा कुणाचा हे ठरवायचं तर तो कोण फडकवतोय हे पाहून भागत नाही, एवढं मला त्या दहा दिवसांवरून कळलं. एप्रिलमध्ये प्रतापसिंह गादीवर बसले. शेजारी कारभार पाहायला बसला तोच कॅप्टन ग्रँट डफ, स्कॉटलंडमधल्या बँफचा. त्याने साताऱ्यात राहून आपला इतिहास जमवला आणि १८२६ साली तो इंग्रजीत छापून आणला. आपल्या निशाणाचं वर्णन मी उद्धृत करतोय ते एका स्कॉटिश माणसाचं, हे मला आता आता खटकेनासं झालंय.

एल्फिन्स्टनने दिलेलं कंपनीने पुढे परत घेतलं. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडलं, आणि १८४८ मध्ये त्यांचे भाऊ शहाजी वारल्यावर वारस नाही म्हणून सातारा खालसा केला. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला आले आणि चौदा वर्षांच्या आसपास इथे अर्ज-विनंत्या करत राहिले. प्रबोधनकार ठाकऱ्यांचं त्यांच्यावर मोठं पुस्तक आहे. ते वाचताना मी एका पत्त्यापाशी थबकलो. कंपनीची मुख्य कचेरी, ईस्ट इंडिया हाऊस, लेडनहॉल स्ट्रीटवर होती. १८६१ मध्ये ती पाडली. त्या जागेवर आज लॉइड्सची ती नळ्या बाहेर काढलेली स्टीलची इमारत आहे. एका विमा कंपनीच्या कामासाठी मी त्या रस्त्याने दोन वर्षं रोज चालत गेलोय, हातात कॉफीचा कप घेऊन. साताऱ्याचा एक माणूस त्याच फुटपाथवर चौदा वर्षं आपल्या राजाचं राज्य परत मागत उभा होता, हे मला माहीत नव्हतं. रंगो बापूजी परत गेले. १८५७ मध्ये त्यांच्या मुलाला, सीतारामला, साताऱ्यात गेंडामाळावर फाशी दिलं. ते स्वतः निसटले आणि पुन्हा कुणाला सापडले नाहीत. गेंडामाळावर आम्ही लहानपणी फिरायला जायचो.

जी संस्थानं उरली त्यांना कंपनीनंतरच्या सरकारने नवेच झेंडे दिले. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हिक्टोरियाला सम्राज्ञी जाहीर केलं, त्या समारंभात लॉर्ड लिटनने संस्थानिकांना रेशमी निशाणं वाटली. त्यांवर युरोपच्या सरदारांसारखी ढालीतली चिन्हं होती. ती बंगालमधल्या रॉबर्ट टेलर नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने बसून आखली होती. बडोद्याचे सयाजीराव तेव्हा तेरा वर्षांचे, म्हणजे आमच्या लेकीएवढे. ज्यांच्या पूर्वजांनी भगव्याखाली गुजरात घेतला त्यांच्या हाती एका परक्या कारकुनाने काढलेलं चित्र आलं. निशाणं जड होती, असं त्या काळचे लोक लिहितात. मला त्याचं नवल वाटलं नाही.

आता इथल्या झेंड्यांविषयी, कारण त्याबाबतीत आपल्या मंडळाची एक फजिती मला अजून आठवते. काही वर्षांपूर्वी शिवजयंतीला सभागृहात आपण तिरंगा, भगवा आणि युनियन जॅक असे तिन्ही लावले होते. कार्यक्रम सुरू होण्याआधी सभागृहाची चावी द्यायला आलेले आजोबा, निवृत्त नौसैनिक, माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "तुमचा आमचा झेंडा उलटा लागलाय." मी म्हटलं, "याला उलटं-सुलटं असतं?" त्यांनी मला खुर्चीवर चढवून दाखवलं. काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात रुंद पांढरी पट्टी वर आणि लाल पट्टी तिच्या खाली हवी. कारण तो पांढरा तिरपा क्रूस स्कॉटलंडचा, १६०६ पासूनचा. लाल तिरपा आयर्लंडचा, तो १८०१ मध्ये आला. जो आधी आला तो मानाच्या कोपऱ्यात वर. दोन तिरप्या क्रुसांच्या भाऊबंदकीत वाटणी केली आहे, अगदी आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखी. वेल्सला तर हिस्साच नाही. आणि १६०६ मध्ये पहिल्यांदा हा झेंडा निघाला तेव्हा स्कॉटिश नावाडीही कुरकुरले होते की आमच्या क्रुसावर तुमचा क्रूस चढवलात.

पण हा झेंडा मुळात प्रजेचा नव्हताच. पहिल्या जेम्स राजाने तो जहाजांसाठी काढला. तो राष्ट्रध्वज आहे असा कायदा आजही नाही. साध्या माणसाने तो घरावर लावावा की नाही याची लोकांना शंका होती, आणि १४ जुलै १९०८ ला अर्ल ऑफ क्रू यांनी सरकारतर्फे हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये सांगितलं की कुणीही लावावा, हा राष्ट्राचाच झेंडा मानावा. शंभरहून जास्त वर्षं जगभर फिरलेला झेंडा घरच्या माणसांना असा उशिरा मिळाला. यावर आपण हसण्यात अर्थ नाही. आपल्या घरावर वर्षभर तिरंगा लावायची मोकळीक आपल्यालाही २६ जानेवारी २००२ च्या ध्वजसंहितेने मिळाली, आणि तो आपला हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं. मी देश सोडला तेव्हा आमच्या गल्लीत पंधरा ऑगस्टलासुद्धा घरावर झेंडा लावायला लोक बिचकत.

राजाचं निशाण वेगळं: इंग्लंडचे तीन सिंह दोन चौकोनांत, स्कॉटलंडचा उभा लाल सिंह, आयर्लंडची वीणा. जिथे राजा तिथे ते. आणि ते कधी अर्ध्यावर येत नाही, कारण एक राजा गेला त्या क्षणी दुसरा असतोच. आपल्या जरीपटक्याच्या कल्पनेशी हे बरंच जुळतं. त्यामुळेच १९९७ मध्ये डायना गेली तेव्हा राणी स्कॉटलंडात, म्हणून बकिंगहॅम राजवाड्याची काठी रिकामी, आणि लोक चिडले की झेंडा अर्ध्यावर का नाही. ६ सप्टेंबरला राणी अंत्यविधीला निघाल्यावर तिथे पहिल्यांदाच युनियन जॅक अर्ध्यावर आला. तेव्हापासून राजा नसताना तिथे युनियन जॅक असतो. लोकांनी राजवाड्याच्या काठीवर आपला झेंडा चढवायला लावला, असंच मी याला म्हणतो.

परदेशातल्या माणसांनी झेंडा शिवण्याची एक हकिगत आपल्या जवळची आहे. २२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीत श्टुटगार्टला समाजवाद्यांच्या परिषदेत मादाम कामांनी जो तिरंगी फडकवला, हिरवा, पिवळा आणि लाल, मधोमध देवनागरीत वंदे मातरम्, तो पुण्याला केसरीवाड्यात जपून ठेवलेला आहे. ज्यांचा देश त्यांच्या हाती नव्हता अशा माणसांनी युरोपात बसून ठरवलं की आपल्याला एक झेंडा हवा. त्या वेळी सावरकर लंडनला हायगेटमध्ये राहत होते. क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरच्या त्या घरावर निळी पाटी आहे, पाहून यावी.

आता थोडं माझं. २०११ मध्ये मी इथलं नागरिकत्व घेतलं. कारणं तुम्हा सर्वांना माहीत आहेत: प्रवास, नोकरी, व्हिसाच्या रांगा. टाऊन हॉलमध्ये राणीची तसबीर, कोपऱ्यात युनियन जॅक. मी राणीशी आणि तिच्या वारसांशी निष्ठेची शपथ घेतली. फोटोत माझा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा आलाय. संध्याकाळी वडिलांना फोन केला. ते शाळामास्तर, तीस वर्षं पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याची दोरी बांधणारे. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पासपोर्ट परत करायचा असतो ना आपला?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाले. पुढची दोन वर्षं पंधरा ऑगस्टला त्यांनी मला फोन केला नाही. मीही केला नाही.

२०२२ चा सप्टेंबर मला म्हणूनच लक्षात आहे. २ तारखेला कोचीला विक्रांत ही विमानवाहू नौका दाखल झाली आणि त्याच वेळी भारतीय नौदलाचं निशाण बदललं. १९५० पासून त्यावर इंग्लंडच्या सेंट जॉर्जचा लाल क्रूस होता. मध्ये २००१ साली तो काढला होता, पण त्या वेळचं निळं चिन्ह आकाशात आणि पाण्यात दिसेचना, म्हणून २००४ मध्ये परत आणला होता. आता तो गेला आणि त्या जागी सोनेरी काठांचा निळा अष्टकोन आला, शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला. वडिलांनी स्वतःहून फोन केला, आवाज वीस वर्षांनी तरुण. "बघितलंस का? अष्टकोन!"

पुढच्या गुरुवारी, ८ तारखेला, राणी गेली. आमच्या गावच्या टाऊन हॉलवरचा झेंडा अर्ध्यावर आला. दुसऱ्या दिवशी नवा राजा लंडनला पोचला तेव्हा राजवाड्यावर त्याचं निशाण पूर्ण उंचीवर चढलं. ११ तारखेला भारतात दुखवटा होता. रविवार. वडिलांचा पुन्हा फोन. ते सकाळी फिरून आले होते. "कलेक्टर कचेरीवरचा तिरंगा अर्ध्यावर आहे रे, तुमच्या राणीसाठी." मग थोडं थांबून म्हणाले, "मी पाच मिनिटं उभा राहिलो तिथे. म्हटलं, तू शपथ घेतली होतीस ना."

गेल्या डिसेंबरात लेकीला घेऊन साताऱ्याला गेलो. अजिंक्यताऱ्यावर चढलो. वडील पंचाहत्तरीचे, पण दमली ती आणि मी. वर दूरदर्शनचा मनोरा आहे, आणि आम्ही गेलो तेव्हा बुरुजावर भगवा होता, उन्हाने फिकटलेला. १८१८ चे ते दोन दिवस मी तिला तिथेच सांगितले: कुठला झेंडा चढला, कुठला उतरला, राजा तेव्हा कुठे होता. अटकेबद्दलचा माझा तर्कही सांगितला. ती म्हणाली, "कसली अटक?" मोटरवेवरचा प्रश्न तिच्या डोक्यातून कधीच गेला होता.

तिचं लक्ष झेंड्याच्या टोकाकडे होतं. "आजोबा, तो वाऱ्याने फाटलाय की असाच शिवलाय?" वडिलांनी खिशातून रुमाल काढला, उभा दुमडला आणि काठापासून घडीकडे बोटाने एक तिरकी रेघ ओढून दाखवली. "इथून एकदाच कात्री चालवायची. उघडलं की दोन टोकं." घरी आल्यावर तिने आजीची एक जुनी सुती साडी मागून घेतली, आणि वडील बाजारात जाऊन गेरू घेऊन आले.